मान खाली घालणाऱ्या घरातली मंदा

मंदा शिरसाठला आपल्या धाकट्या भावाचा, आधारचा, हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे देवपुरातल्या लोकांनी तिला ‘भावासाठी झिजलेली बहीण’ करून टाकलं आणि ते ऐकलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. झिजली होती हे खरं. तिच्याच पगारावर आधार केमिकल इंजिनियर झाला हेही खरं. पण झिजणारं माणूस आतून जळत नाही, असं कोणी सांगितलं?

घर धुळ्याच्या देवपुरात, पांझरा नदीपासून हाकेच्या अंतरावर. मूळ गाव धरणगावकडचं. वडील पितांबर शिरसाठ, सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. नानांची सगळी हयात धुळ्यातल्या एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून गेली. बाबासाहेबांच्या फोटोला रोज सकाळी हात जोडणारा, पोरांना शिकवणारा सरळ माणूस. पण किती साहेब आले नि गेले, नाना त्यांच्या बुटांवरूनच त्यांना ओळखायचे. त्यांचा एक ठरलेला उपदेश होता, "साहेबसमोर मान वर करी ना, तर फाइल खाले ऱ्हास." आधार हा उपदेश आईच्या दुधाबरोबर प्यायला होता. मोठं माणूस समोर आलं की पोराची हनुवटी छातीला टेकलीच म्हणून समजा.

मंदाला मात्र ते कधी जमलं नाही. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की ही सरळ त्यांच्या डोळ्यात बघून खणखणीत उत्तर द्यायची. पाहुणे बघायला आले, मुलाने विचारलं, "स्वयंपाक येतो का?" तर हिने उलट विचारलं, "तुम्हाला येतो का?" ते पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. नाना दिवसातून दहादा म्हणायचे, "धीरे बोल, मंदे. शेजारले ऐकू जास." आई द्रौपदाबाई कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, ही तोंडाळ पोर कोणाच्या घरात नांदायची! ती कोणाच्याच घरात नांदली नाही. त्याचं मंदाला फारसं दुःखही नव्हतं. तिचं दुःख वेगळं होतं.

एकोणऐंशी साली ती पुण्याहून रसायनशास्त्रात एम. एस्सी. होऊन आली, ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा प्रवेश हातात घेऊनच. फी माफ, वर शिकवण्याचं काम आणि त्याचा पगार. पुण्यात दोन वर्षं तिने दुसरा उद्योग केला नव्हता. जो कोणी तिकडून आला असं कळेल त्याच्या घरी जाऊन बसायचं आणि विचारायचं. कोणते कागद लागतात, थंडीत काय घालतात, भात कशात शिजवतात, प्राध्यापकाशी कसं बोलायचं. जुन्या बाजारातून तिने एक मोठी निळी सूटकेससुद्धा घेऊन ठेवली होती. मंदाने आयुष्यात काही मनापासून मागितलं असेल तर एवढंच.

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "एकली पोर, सात समुद्र पार? लोके काय म्हनतीन?" आणि विषय संपला. नाही म्हणताना नानांचा आवाज चढला नव्हता, ते रागावलेही नव्हते. रागावले असते तर मंदा भांडली तरी असती. तिने देवपुरातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायला सुरुवात केली, आणि आईने त्या निळ्या सूटकेसमध्ये गोधड्या भरून ती माळ्यावर टाकली.

आता अठ्ठ्याऐंशी साल बघा. आधार चोवीस वर्षांचा झाला. गुणी, शांत, अभ्यासू पोरगा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यालाही अमेरिकेतला प्रवेश मिळाला. आता तो अर्ज कोणी भरला, परीक्षांची तयारी कोणी करून घेतली, मला हेच का शिकायचंय याचं ते पानभर निवेदन कोणी लिहून दिलं, हे विचारायलाच नको. सगळं मंदाच्या डोक्यात नऊ वर्षं जसंच्या तसं पडून होतं. ते बाहेर काढायला तिला वेळ लागला नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं ती मनात म्हणायची, आणि नागोबा समोर बसून दूधपोहे खात असायचा.

त्या दिवशी नानांनी गल्लीत पेढे वाटले. सुमनबाई शेजारीण म्हणाली, "नाना, पोरगं एवढ्या लांब धाडता, लोक काय म्हणतील?" तर नाना छाती काढून म्हणाले, "लोके काय म्हनतीन? नाव काढं म्हनतीन!" मंदा तेव्हा दारातच उभी होती. तिच्या हातातला पेढा तिने तसाच सुमनबाईंच्या पोराला देऊन टाकला. अंगाचा असा तिळपापड झाला होता तिच्या, की कॉलेजात त्या दिवशी तिने मुलांना विनाकारण झाडून काढलं.

तरी तयारी करून घ्यायचीच होती. ती दुसऱ्या कोणाला येत होती? मंदा आधारला पुढ्यात बसवून सांगायची आणि सांगताना तिचा आवाज कडक व्हायचा. "दात इथेच दाखवून घे, तिथे दाताच्या डॉक्टरकडे जायची ऐपत नसते विद्यार्थ्याची. चष्म्याची दुसरी जोडी ने. जाड कोट इथून नेऊ नकोस, आपल्याकडची लोकर तिथल्या थंडीत पातळ पडते. तिथे वापरलेल्या कपड्यांची दुकानं असतात, तिथून घे, लाजू नकोस. मूळ प्रमाणपत्रं हातातल्या पिशवीत, सूटकेसमध्ये नाही. विद्यापीठाने मोहोर लावून दिलेलं गुणपत्रिकांचं पाकीट फोडायचं नाही. आणि आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांची वही बघून लिहितात ना, तसं तिथे केलंस तर विद्यापीठातून काढून टाकतील. वर्गात समजलं नाही तर तिथल्या तिथे विचारायचं."

"वर्गात? सगळ्यांसमोर?" आधार घाबरून म्हणाला.

"नाही, पांझरेच्या काठी जाऊन विचार," मंदा म्हणाली.

मग स्वयंपाक. आधारला चहासुद्धा येत नव्हता. द्रौपदाबाईंनी पोराला कधी चुलीकडे फिरकू दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याची खिचडी खाली लागून काळी झाली. मंदाला ते दिसत होतं, वास येत होता, तरी ती गप्प राहिली. करपू दे, असं म्हणाली ती मनात. आणि तो करपलेली खिचडी खरवडत असताना तिला असं काही बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने नीट शिकवलं.

माळ्यावरून निळी सूटकेस खाली आली. गोधड्या निघाल्या, आणि त्या जागी धरणगावच्या नातेवाइकांनी आणलेला वानोळा, घरच्या वस्तूंची भेट, येऊन पडायला लागला. ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड, शेवया, लाल तिखट, कोणाच्या घरचं तूप. आपल्याकडे वानोळा नाही म्हणता येत नाही, आणणाऱ्याचा अपमान होतो. मंदा एकेकाला तोंडावर सांगायची, "मामा, तूप तिथल्या विमानतळावर काढून घेतात, परत न्या." मामा रुसून निघून जायचे. पण तिला खरं खुपत होतं ते वेगळंच. सूटकेसच्या झाकणाच्या आत तिने पुण्यात असताना पेनने आपलं नाव लिहिलं होतं. आधारने त्यावर कागद चिकटवून स्वतःचं लिहिलं.

मग आधार व्हिसासाठी मुंबईला गेला, आणि हात हलवत परत आला. नकार!

घरात सुतक पडल्यासारखं झालं. द्रौपदाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "कोनी नजर लागनी मन्हा पोऱ्याले!" मंदा भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. नजर कोणाची, ते तिला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली. ठेचा वाढून घेतला, वर ताक प्यायली. ज्याचं जळतं त्याला कळतं, असंच तिच्या मनात येत राहिलं. आता कळू दे घराला.

दुसऱ्या दिवशी तिने आधारला विचारलं, "व्हिसाच्या खिडकीत नेमकं काय झालं ते सांग."

आधारने सांगितलं. काचेपलीकडे गोरा साहेब होता. त्याने विचारलं, हाच विषय का? आधारने खालच्या फळीकडे बघत निवेदनातलं एक वाक्य पुटपुटलं. साहेब म्हणाला, मोठ्याने बोला. आधारने आवाज आणखी कमी केला. मग साहेबाने विचारलं, शिकून झाल्यावर परत येणार का? तर हा शहाणा म्हणाला, "वडील ठरवतील ते."

मंदाला एका क्षणात सगळं समजलं. कागद ठीक होते, प्रवेश चांगला होता, नजर लागली नव्हती. पोरगं मान खाली घालून उभं राहिलं, आणि त्या साहेबाला वाटलं की हा काहीतरी लपवतोय. आपल्याकडे ज्याला संस्कार म्हणतात त्याला तिकडे चोराची नजर समजतात. पुण्यातच कोणीतरी सांगितलं होतं तिला, खिडकीत सरळ डोळ्यात बघून बोला, आपण काय ठरवलंय ते सांगा. बाकी इतक्या गोष्टी तिने आधारला सांगितल्या, हीच तेवढी राहिली होती. तिला स्वतःला कधी मान खाली घालता आली नव्हती ना, म्हणून ही गोष्ट सांगावी लागते हेच तिच्या लक्षात आलं नाही.

पुन्हा अर्ज करता येत होता, सत्र सुरू व्हायला अवकाश होता. मंदाने तोंड उघडलं असतं तर झालं असतं. तिने उघडलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तिने दिवस घालवले. सूटकेस पुन्हा माळ्यावर गेली तेव्हा तिने स्वतः स्टूल धरलं. नकोच जाऊ दे त्याला, असं वाटायचं तिला. मी नाही तर तोही नाही. वाईट, कोत्या मनाचं वाटतंय ना? वाटू द्या. मंदालाही वाटत होतंच.

एका रविवारी दुपारी नाना दारापुढच्या ओट्यावर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "जाऊ दे आते. आठेच नोकरी लागी जाई." शेजारी आधार केळं सोलत बसला होता. तो म्हणाला, "बरं झालं, नाना. खरं सांगू? माझंही मन नव्हतंच फारसं. इथे काय वाईट आहे?"

मंदा वह्या तपासत होती. हातातली वही तिने आपटली आणि थेट ओट्यावर आली.

"मन नव्हतं? तुझं मन नव्हतं?" ती म्हणाली. "अरे, मी त्या देशापर्यंत चालत गेले असते! नऊ वर्षं झाली, रोज वर्गात पोरांना शिकवताना माझ्या डोक्यात येतं, आत्ता मी तिथे असते. माझी सूटकेस घेतलीस, माझा विषय घेतलास, निवेदन माझं, आणि आता केळं खात म्हणतोस मन नव्हतं? मला मिळालं नाही म्हणून मी जळते तुझ्यावर, कळलं? पण ते तू उकिरड्यावर टाकलेलं मला चालणार नाही. ऊठ!"

आधारच्या हातातलं केळं खाली पडलं. अक्का आपल्यावर जळते हे त्याला तोवर माहीतच नव्हतं.

स्वयंपाकघराला ओट्याच्या बाजूने गजांची खिडकी होती. मंदा आत जाऊन त्या खिडकीमागे उभी राहिली, आधारला बाहेर उभं केलं. "मी साहेब. आधी मराठीत बोल, डोक्यात पक्कं झालं की इंग्रजीत. सांग, हाच विषय का?" आधारने मान खाली घातली. "वर बघ!" आधारने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अक्का, मला नाही जमत. तूच दाखव ना कसं ते."

दोघांनी जागा बदलली. आधार आत गेला, मंदा बाहेर गजांसमोर येऊन उभी राहिली. आधारने विचारलं, "हाच विषय का?"

"कारण आमच्या धरणगावकडे कापसावर औषध मारतात," मंदा म्हणाली. "पाऊस आला की ते विहिरीत उतरतं. बाया तेच पाणी भरतात, पोरं तेच पितात. किती उतरलं हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. मला ते शिकायचंय."

"पण तुम्ही परत येणार कशावरून?"

"विहिरी इथे आहेत, साहेब. तिथे राहून मी कोणाचं पाणी मोजू?"

"तुम्हाला जाण्याची परवानगी कोणी दिली?" हा प्रश्न आधारने आपल्या मनानेच विचारला, त्याला पुढचं काही सुचेना म्हणून.

मंदा गजांना धरून उभी राहिली. "कोणी नाही दिली," ती म्हणाली. "मी या खिडकीपर्यंत पोचलेच नाही. माझ्या वडिलांना लोकांची भीती वाटली. नाहीतर मी आले असते आणि तुमच्या डोळ्यात बघून एवढंच सांगितलं असतं."

मागे खाट करकरली. नाना उठून बसले होते. ते म्हणाले, "मंदे, तू कोनं सांगी ऱ्हायनी?"

"माझं, नाना," ती वळून म्हणाली. "आधारचं नाही. माझं सांगतेय."

नानांचे ओठ हलले. ‘धीरे बोल’ म्हणायची सवयच होती त्यांना. या वेळी मात्र जन्मभर साहेबांसमोर घातली तशी मान त्यांनी लेकीसमोर खाली घातली आणि पायांकडे बघत बसले. 

त्यानंतर रोज संध्याकाळी तालीम. आधारला मंदाने नानांसमोर उभं केलं. "नानांच्या डोळ्यात बघून सांग, मी परत येणार, मी ठरवलंय. नानांना सांगता आलं तर गोरा साहेब काय चीज आहे!" आधार घामाघूम व्हायचा, नाना त्याच्याहून जास्त. पण एका संध्याकाळी पोरगं बोललं, सरळ बघून, अडखळत का होईना. नाना म्हणाले, "जमी गयं."

मुंबईला दुसऱ्या खेपेला व्हिसा मिळाला. आधार म्हणाला, विहिरींचं ऐकून साहेब हसला आणि शिक्का मारला. विहिरींचं! ते ऐकून मंदा मोरीत जाऊन उगाच भांडी घासत बसली.

धुळ्याच्या बसस्थानकावर अख्खी गल्ली लोटली होती. हार, नारळ, रडारड. निळी सूटकेस टपावर चढली. आधारने मंदाला रसवंतीच्या बाजूला नेलं आणि विचारलं, "अक्का, तुला तिकडून काय पाठवू?"

"काही पाठवू नकोस," मंदा म्हणाली. "फक्त एक कर. एक वर्ष तिथलं काही चांगलं सांगू नकोस. थंडी आहे सांग, भात करपला सांग, चुकलो, पडलो, काय वाटेल ते सांग. पण बर्फ किती सुंदर आणि प्रयोगशाळा किती मोठी, हे मला सांगू नकोस. मला झेपायचं नाही रे."

आधार तिच्या डोळ्यात बघून "बरं" म्हणाला. पाया पडायला वाकला तर तिने त्याला दंडाला धरून उभं केलं.

आणि त्या पोराने शब्द पाळला. देवपुरात तेव्हा फोन असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. आधार कॅसेटमध्ये बोलणं भरून पाठवायचा. नाना, द्रौपदाबाई, मंदा, शिवाय निम्मी गल्ली टेपरेकॉर्डरभोवती बसायची. आधार बोलायचा, "माय, आठे बठ्ठा बरफ शे. काल मी घसरी पडनू. भात पुन्हा करपना. मोजे वले शेतस." प्रत्येक कॅसेट अशीच. पोराची चप्पल तुटली, बस चुकली, सर्दी झाली. द्रौपदाबाई टेपरेकॉर्डरला हात लावून रडायच्या, "मन्हा पोऱ्या वाळी गया व्हई! बलाई ल्या त्याले!" सुमनबाई गल्लीभर सांगत सुटली, शिरसाठांचं पोरगं अमेरिकेत हाल काढतंय. पोरांना बाहेर धाडू नये बाई!

खरं काय ते एकट्या मंदाला माहीत होतं. आवाजावरून कळायचं तिला. पोरगं घसरून पडलो म्हणायचं आणि आवाजात हसू मावत नसायचं. अडखळणं गेलं होतं, मान वर करून बोलणाऱ्याचा आवाज होता तो. करपलेल्या भातामागे काय काय असेल ते तिला दिसायचं, आणि पोटात दुखायचंच. दर कॅसेटनंतर दोन दिवस ती कोणाशी धड बोलायची नाही. पण कॅसेट यायला उशीर झाला, की पोस्टमनला सगळ्यात आधी विचारायची तीच.

वर्ष सरलं. ऑगस्टात एक कॅसेट आली. नेहमीप्रमाणे सगळे बसले. खरखर झाली आणि आधारचा आवाज आला, पण या वेळी माय नाही, नाना नाही.

"अक्का, वर्ष झालं," तो म्हणाला. "आता खरं सांगू का?"

पुढे कॅसेट कोरी होती.

द्रौपदाबाई गोंधळल्या. "काय सांगाले सांगी ऱ्हायना हाऊ?" सगळे मंदाकडे बघायला लागले.  मंदाने कॅसेट कोऱ्या जागेपर्यंत मागे फिरवली, टेपरेकॉर्डर पुढे ओढला आणि रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. चाकं फिरायला लागली.

"आधार, सांगू नकोस," ती बोलायला लागली. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, बारीक निघत होता. "तुझ्या तोंडून ऐकायचं नाही मला. अर्जाचे कागद पाठव. मी तेहतीस वर्षांची आहे, चालत असेल तर विचारून पाठव. मी स्वतः येऊन बघेन."

एवढं म्हणून तिने मान वर केली आणि नानांच्या डोळ्यात बघितलं. नऊ-दहा वर्षांपूर्वी असंच बघितलं होतं तेव्हा नाना जमिनीकडे बघत होते. या वेळी त्यांनी नजर काढून घेतली नाही. खाटेवरून उतरून ते तिच्याजवळ येऊन बसले आणि टेपरेकॉर्डर आपल्या हाताने तिच्या तोंडाजवळ सरकवला.

"जोरमा बोल, मंदे," नाना म्हणाले. "पार अमेरिकालोंग ऐकू जावाले पाहिजे."